बंदरें आणि नगरें
(ज्युबिलीनिमित्त निगडी येथें दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या या व्याख्यानांत आम्हीं बंदरांचा विषय निवडला, हें ऐकून आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटलें असेल. निगडीस समुद्र नाहीं. येथून खारें पाणी गांठावयाचें तर सह्याद्रीचा घाट उतरून जावें लागतें. अशा ठिकाणीं बंदरांची चर्चा कशासाठीं, असा प्रश्न कोणी केल्यास तो रास्तच म्हणावा लागेल. परंतु आमचें म्हणणें असें आहे कीं, आपण ज्या नगरांत राहतों, ज्याच्या कारखान्यांत आपलीं मुलें काम करतात आणि ज्याच्या आश्रयानें आपलें हें धर्मग्राम वाढलें, त्या नगराचा जन्म निम्माअधिक बंदरामुळेंच झाला आहे. आपल्या पूर्वजांस जें गांव सोडावें लागलें आणि आपणांस जें गांव मिळालें, त्या दोहोंमागें बंदराचा हात आहे. म्हणून ज्युबिलीच्या दिवशीं मागें वळून पाहतांना ही गोष्ट नीट समजून घ्यावी, एवढाच आमचा हेतु आहे.

प्रथम बंदर म्हणजे काय, तें पाहूं. पुष्कळांची समजूत अशी असते कीं, जेथें पाणी खोल व किनारा सुरक्षित तेथें बंदर होतें. ही समजूत अर्धीच खरी आहे. गलबत धक्क्यास लागल्यावर त्यांतील माल कोठें जावयाचा आणि परत जातांना त्यांत भरावयाचा माल कोठून यावयाचा, या प्रश्नाचें उत्तर ज्या किनाऱ्यापाशीं असेल तेथेंच बंदर नांदतें. पुढें समुद्र आणि पाठीमागें मुलूख, अशीं बंदराचीं दोन अंगें आहेत. आणि या दोहोंस जोडणारा रस्ता हा त्याचा प्राण आहे.

हा सिद्धान्त आपल्या प्रांतास दोन हजार वर्षांपासून ठाऊक आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक नौकानयन-ग्रंथांत सोपारा व कल्याण या बंदरांचीं नांवें आलीं आहेत. तेथें उतरलेला माल घाटावर येई तो नाणेघाटानें, आणि घाट चढल्यावर पहिलें मोठें ठिकाण लागे तें जुन्नर. नाणेघाटाच्या लेण्यांत सातवाहन राणी नागनिका हिचा शिलालेख कोरलेला आहे. तो राजमार्गावरच कां कोरला गेला असावा, हें सांगावयास नको. जुन्नरच्या डोंगरांतील लेणीं ज्यांच्या दानांतून कोरलीं गेलीं त्यांत व्यापारी होते, कारागीर होते आणि यवनही होते. समुद्र दूर असूनहि जुन्नर हें एका अर्थीं बंदराचेंच नगर होतें. जुन्नराहून पुण्याकडे येणाऱ्या वाटेवर आपलें चाकण आहे. १६६० सालीं शाएस्तेखानाच्या फौजेशीं फिरंगोजी नरसाळा यांनीं तेथील किल्ला जिद्दीनें लढविला, ही कथा आपल्या मुलांस शाळेंत शिकविली जाते. तो किल्ला लहान, भुईकोट. पण वाटेवरचा, म्हणून मोलाचा. वाटेचें मोल हें असें असतें.

आतां दुसरी गोष्ट. बंदर नगरास जन्म देतें, तसेंच तें त्यास पोरकेंहि करतें. या बाबतींत ख्रिस्ती समाजास परिचित अशीं दोन उदाहरणें घेऊं. वसई १५३४ च्या तहानें गुजराथच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ सालीं चिमाजीआप्पांनीं ती जिंकून घेतली. मधल्या दोनशें वर्षांत तेथें कोट, वाडे, मठ व ख्रिस्तमंदिरें यांनीं गजबजलेलें एक नगर उभें राहिलें होतें. सत्ता गेली, व्यापाराची वाट बदलली, आणि कोटाच्या आंत झाडें वाढलीं. कोटाबाहेरचे शेतकरी व कोळी मात्र आपल्या वाड्यांत व आपल्या श्रद्धेंत टिकून राहिले. नगर गेलें, पण गांव राहिलें.

गोव्याची कथा याहून बोधप्रद आहे. १५१० सालीं अल्बुकर्कनें गोवा घेतल्यावर मांडवीच्या कांठचें तें नगर पूर्वेकडील व्यापाराची पेठ बनलें. १५४२ सालीं संत फ्रान्सिस झेवियर तेथेंच जहाजांतून उतरले; १५७९ सालीं फादर थॉमस स्टीफन्स तेथेंच आले आणि पुढें त्यांनीं मराठींत ख्रिस्तपुराण रचलें. परंतु त्या नगरास निरोगी पाणी मिळेना. साथीमागून साथी आल्या. नदी गाळानें भरूं लागली. आणि डच व इंग्रज यांनीं समुद्रावरचा व्यापार हिरावून घेतला. लोक घरें सोडून जाऊं लागले, आणि १८४३ सालीं राजधानीचा मान अधिकृतपणें पणजीस मिळाला. आज जुन्या गोव्यांत मंदिरें उभीं आहेत, पण त्यांच्या भोंवतीं जें नगर होतें तें नाहीं. बंदराच्या भरभराटीवर जें नगर उभें राहतें त्यानें आपल्या माणसांच्या पाण्याची व आरोग्याची हयगय केली तर व्यापाराची संपत्ति त्यास वांचवूं शकत नाहीं, हा धडा या इतिहासांत आहे. आणि तो पुढें आपणांस उपयोगीं पडणार आहे.

येथून आम्ही मुंबईकडे वळतों. १६६१ च्या विवाहकरारानें मुंबई इंग्लंडच्या राजाकडे आली व १६६८ सालीं ती ईस्ट इंडिया कंपनीस मिळाली. बंदर नैसर्गिक, खोल व निवाऱ्याचें; तरीहि पुढें बराच काळ मुंबई सुरतेच्या मागून चालणारें एक शहर होतें आणि मग हळूहळू पुढें आलें. कारण पाठीमागें घाट आडवा होता. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, आणि १८६३ सालीं भोर घाटांतील लोहमार्ग पुरा झाला. त्या घाटाच्या कामांत हजारों मजूर पटकीनें व अपघातानें मेले, हें आपण खंडाळ्याच्या बोगद्यांतून जातांना आठवावें. घाट फुटतांच देशावरचा कापूस मुंबईच्या धक्क्यावर येऊन पडूं लागला. त्याच सुमारास अमेरिकेंत यादवी युद्ध चालू होतें व मँचेस्टरला कापूस हवा होता. १८६९ सालीं सुवेझचा कालवा खुला झाला आणि युरोप जवळ आला. १८७३ सालीं पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. १८७५ सालीं ससून गोदी, १८८० सालीं प्रिन्सेस गोदी, १८८८ सालीं व्हिक्टोरिया गोदी आणि १९१४ सालीं अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, अशा एकामागून एक गोद्या बांधल्या गेल्या.

या गोद्यांनीं शहर कसें घडविलें, तें पहा. त्या काळीं माल गोणींत, गांठींत व पिंपांत येई. तो माणसाच्या पाठीवरून उतरे. एका जहाजामागें शेंकडों हात लागत. हमाल रोजच्या रोज धक्क्यावर हजर पाहिजे, म्हणून तो धक्क्यापासून पायीं जाण्याच्या अंतरावर राही. त्यामुळें माझगांव, डोंगरी, मांडवी येथें दाट वस्ती झाली. मालाशेजारीं वखारी, वखारींशेजारीं पेढ्या, पेढ्यांशेजारीं विम्याच्या कचेऱ्या. आणि कापसाच्या मागून गिरण्या. गोव्याहून आलेल्या खलाशांकरितां धोबीतलाव व माझगांव येथें त्यांच्या त्यांच्या गांवांच्या 'कूड' उभ्या राहिल्या. बोटीची वाट पाहत असलेला खलाशी तेथें राही, तेथेंच संध्याकाळचा रोझरी म्हणे, आणि आजारी पडला तर तेथेंच त्याची शुश्रूषा होई.

परंतु या वाढीची दुसरी बाजूहि होती. मुंबई, साष्टी व वसई येथील मूळचे मराठी बोलणारे कॅथॉलिक लोक पाहूं लागले तों बंदरांतील, रेल्वेंतील व कचेऱ्यांतील नोकऱ्यांसाठीं बाहेरून आलेल्यांची गर्दी झालेली. आपण येथलेच, कंपनीच्या चाकरींत पूर्वापार असलेले, हें सरकारास कळावें म्हणून त्यांनीं 'ईस्ट इंडियन' हें नांव धारण केलें आणि १८८७ सालीं, राणी व्हिक्टोरियाच्या ज्युबिलीच्या वर्षीं, बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापिली. आपल्याच बेटांवर आपली ओळख सांगण्यास एका समाजास नवें नांव घ्यावें लागावें, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. बंदर वाढतें तेव्हां जागा सर्वांची वाढते असें नाहीं. जो अगोदर तेथें होता त्याची जागा कित्येक वेळां आक्रसते.

आतां आपण अलीकडच्या मोठ्या पालटाकडे येऊं. २६ एप्रिल १९५६ रोजीं अमेरिकेंत न्यूअर्क बंदराहून ह्यूस्टनकडे एक जहाज निघालें. त्याच्यावर ५८ लोखंडी पेट्या होत्या. माल्कम मॅक्लीन नांवाच्या एका मालमोटारींच्या धंदेवाल्याची ही कल्पना. माल कारखान्यांतच पेटींत भरावा, पेटी मालमोटारीवरून धक्क्यास न्यावी, यारीनें उचलून जहाजावर ठेवावी, आणि दुसऱ्या टोकास ती न उघडतां तशीच गिऱ्हाइकाच्या दारीं पोंचवावी, इतकी ती साधी होती. परंतु त्या पेटीनें, म्हणजे कंटेनरनें, जगांतील बंदरांचा नकाशा बदलला. पूर्वी जहाज रिकामें करण्यास दिवस लागत, तेथें आतां तास पुरूं लागले. शेंकडों हमालांच्या जागीं मोजके यारीवाले आले. पेट्या रचण्यास विस्तीर्ण मैदान लागतें आणि मोठ्या जहाजांस खोल पाणी लागतें. शहराच्या पोटांतील जुन्या गोद्यांत हीं दोन्ही मिळेनात. लंडनच्या गोद्या १९६७ पासून एकेक बंद होत गेल्या व १९८१ पर्यंत शेवटच्या शाही गोद्याहि थांबल्या. काम खाडीच्या मुखाकडे टिलबरीस व समुद्रकांठच्या फेलिक्सस्टोस गेलें. न्यूयॉर्कांत मॅनहॅटन व ब्रुकलिनचे धक्के ओसाड पडले व न्यूअर्क-एलिझाबेथ भरभराटीस आलें. रॉटरडॅमनें तर आपलें बंदर समुद्रांत भराव घालून पश्चिमेकडे सरकवीत नेलें. सर्वत्र एकच रीत दिसते: बंदर शहराबाहेर पडतें, आणि शहर त्याच्या मागून धांवतें.

मुंबईंतहि हेंच घडलें. १९६० नंतरच्या काळांत चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल या तिघां स्थापत्यज्ञांनीं असें सुचविलें कीं, दक्षिणोत्तर लांबत चाललेल्या मुंबईस खाडीपलीकडे पूर्वेस जुळें शहर द्यावें. १९७० सालीं त्यासाठीं सिडको स्थापन झाली. आणि २६ मे १९८९ रोजीं खाडीपलीकडे न्हावा-शेवा येथें जवाहरलाल नेहरू बंदर कार्यान्वित झालें. १९९९ सालीं तेथें खाजगी कंपनीचा कंटेनर धक्का सुरू झाला; देशांतील अशा प्रकारचा तो पहिला. त्यानंतर आणखी धक्के झाले. २०२४-२५ या वर्षीं या बंदरांतून सत्तर लाखांहून अधिक प्रमाण-कंटेनरांची उलाढाल झाली. देशांतील मोठ्या सरकारी बंदरांवरील कंटेनर-वाहतुकीचा सुमारें अर्धा भाग या एका ठिकाणीं होतो. मागून रस्ते आले, गुदामें आलीं, पनवेल-कळंबोलीस मालमोटारींचे तळ झाले. १२ जानेवारी २०२४ रोजीं शिवडीहून न्हावा-शेव्याकडे जाणारा सुमारें २२ किलोमीटरांचा अटल सेतु खुला झाला, आणि २०२५ च्या अखेरीस नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानें उडूं लागलीं. जुळें शहर कागदावर १९७० सालीं आलें. तें वाढूं लागलें तें बंदर व रेल्वे यांच्या जोडीनें.

मात्र ज्या भूमीवर हें बंदर उभें राहिलें ती ओसाड नव्हती. उरण-पनवेलकडील आगरी व कोळी लोकांचीं भातशेतें, मिठागरें आणि मासेमारीच्या खाड्या तेथें होत्या. जमिनीचा मोबदला इतका अल्प ठरविण्यांत आला कीं, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं शेतकऱ्यांनीं लढा उभारला. १९८४ च्या जानेवारींत जासई व नवघरच्या परिसरांत गोळीबार होऊन पांच आंदोलक मृत्युमुखी पडले. त्या लढ्यांतून पुढें जें तत्त्व मान्य झालें तें हें कीं, संपादन केलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकास परत मिळावी. म्हणजे शहराच्या वाढींतील वाटा पैशाच्या एका हप्त्यानें न संपतां त्याच्या हातीं राहावा. हें तत्त्व मोलाचें आहे. तें पांच माणसांच्या प्राणांच्या किंमतीनें मिळावें लागलें, हें मात्र आपल्या लोकसत्तेस भूषणावह नाहीं.

आतां आम्ही घाट चढून आपल्या घरीं येतों. पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वांत आलें. त्याच दशकांत टेल्को व बजाज यांचे कारखाने येथें उभे राहूं लागले. मुंबईंत नव्या कारखान्यांस जागा उरली नव्हती आणि तेथील गर्दी कमी करावी असें सरकारचेंहि धोरण होतें. तेव्हां असें ठिकाण हवें होतें कीं जें मुंबईबाहेर असेल, पण मुंबईच्या धक्क्यापासून एका दिवसाच्या आंत असेल. जेथें लोहमार्ग असेल, हमरस्ता असेल, आणि पवनेचें पाणी असेल. मुंबई-पुणें रस्त्यावरील या खेड्यांत हें सर्व एकत्र मिळालें. १९७० सालीं पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी मिळून नगरपालिका झाली. १९७२ सालीं नवनगर विकास प्राधिकरण स्थापन होऊन निगडीच्या माळावर कामगारांसाठीं आंखीव वसाहती वसूं लागल्या. १९८२ सालीं महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेंत तिची लोकसंख्या सतरा लाखांहून अधिक भरली. एका आयुष्याच्या अवधींत जोंधळ्याच्या शेतांचें महानगर झालें.

या पहिल्या पिढीचे कारखाने मुख्यतः देशांतील गिऱ्हाइकांसाठीं होते. १९९१ नंतर आयात-निर्यातीवरील बंधनें सैल झालीं, आणि तेव्हांपासून न्हावा-शेवा खऱ्या अर्थानें आपलें शेजारी झालें. तेथून निगडी सुमारें शंभर किलोमीटर आहे. २००२ सालीं मुंबई-पुणें द्रुतगति-मार्ग पूर्ण झाला व घाटांतील वेळ कमी झाला. बजाजनें चाकणास कारखाना काढला होताच. २००९ सालीं फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने तेथें सुरू झाले. त्यांच्या मागून सुटे भाग करणारे असंख्य लहानमोठे कारखाने आले. यांचा व्यवहार कसा चालतो तें ज्यांनीं तेथें काम केलें आहे त्यांस ठाऊकच आहे. भाग परदेशांतून पेटींत येतो. कोठारांत महिनोमहिने न ठेवतां जेमतेम लागेल तेवढाच मागविला जातो. तयार माल पुन्हां पेटींत बंद होऊन घाट उतरतो. कित्येकदां जकातीची तपासणी चिंचवड वा तळेगांवच्या कोरड्या बंदरांत, म्हणजे समुद्राविना असलेल्या मालतळावरच, उरकली जाते, व मोहोर लावलेली पेटी थेट जहाजावर चढते. सबंध मोटारी मात्र पेटींत जात नाहींत. त्या मुंबईच्या जुन्या बंदरांत नेऊन जहाजाच्या पोटांत चालवीत चढविल्या जातात. चाकणांत बनलेल्या मोटारी तेथून मेक्सिकोपर्यंत गेल्या आहेत. ज्या गोद्यांत एके काळीं कापसाच्या गांठी रचल्या जात, तेथें आतां चाकणच्या मोटारी रांगेंत उभ्या राहतात. येणेंप्रमाणें जुन्नरचें दोन हजार वर्षांपूर्वीचें नातें चाकणानें पुन्हां जोडलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

या नात्यानेंच आपलें धर्मग्राम भरत गेलें. आपल्या बांकांवर बसणाऱ्यांत श्रीरामपूर, राहाता, संगमनेर या भागांतून, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर व आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतून, अवर्षणास व अपुऱ्या शेतीस कंटाळून आलेलीं घराणीं आहेत. वसईचे आहेत, गोव्याचे आहेत, मंगळूरचे व केरळचे आहेत. कोणी कारखान्यांत यंत्रावर लागले, कोणी परिचारिका झाल्या, कोणी शाळेंत शिकवूं लागले. हीं सर्व माणसें ज्या वाटेनें आलीं ती वाट व्यापारानें पाडली होती.

पण वाट दोन्हीकडे जाते, हेंहि ध्यानांत ठेविलें पाहिजे. ज्याची भाकरी दूरच्या बाजारपेठेवर अवलंबून असते त्यास दूरच्या संकटाची झळ घरबसल्या लागते. २०२० सालीं महामारीनें जहाजें व कारखाने अडले, तेव्हां ज्यांची नेमणूक कायम नव्हती अशा कंत्राटी कामगारांच्या चुली प्रथम थंडावल्या. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रांत व्यापारी जहाजांवर हल्ले होऊं लागले आणि कित्येक जहाजांनीं सुवेझ सोडून आफ्रिकेस वळसा घालण्याचा लांबचा मार्ग धरला; त्या लांबलेल्या दिवसांचा व वाढलेल्या भाड्याचा भार घाटावरच्या कारखान्यांवरहि पडला. १८६९ सालीं जो कालवा मुंबईचें भाग्य झाला, त्याच्या तोंडाशीं अडथळा येतांच चाकणास चिंता पडावी, इतके आपण त्या पाण्याशीं बांधले गेलों आहोंत. शिवाय पवना व इंद्रायणी यांच्या पाण्याची काय दशा झाली आहे, आणि चाकणच्या रस्त्यावर पाळी सुटण्याच्या वेळीं कामगारांचा किती काळ जातो, हें आम्हीं आपणांस सांगावयास नको. जुन्या गोव्याची आठवण आम्हीं उगीच काढली नव्हती.

आतां शेवटचा व सर्वांत निकडीचा मुद्दा. पालघर जिल्ह्यांत डहाणूजवळ वाढवण येथें नवें महाबंदर व्हावयाचें आहे. १९ जून २०२४ रोजीं केंद्र सरकारनें त्यास मंजुरी दिली व ३० ऑगस्ट २०२४ रोजीं त्याचें भूमिपूजन झालें. खर्चाचा अंदाज ७६ हजार कोटींहून अधिक रुपयांचा आहे. भांडवलांत जवाहरलाल नेहरू बंदराचा वाटा शेंकडा ७४ व महाराष्ट्र सागरी मंडळाचा शेंकडा २६. तेथें किनाऱ्यापासून कांहीं अंतरावर सुमारें वीस मीटर खोल पाणी नैसर्गिकच आहे, म्हणून जगांतील सर्वांत मोठीं कंटेनर-जहाजें तेथें लागूं शकतील, असा हिशेब आहे. सुमारें चौदाशें हेक्टर समुद्रांत भराव घालावयाचा आहे. बंदरामागून रस्ता, लोहमार्ग व नवें शहर हीं येणारच. कारण आतांपर्यंतचा इतिहास तेंच सांगतो.

पण त्या किनाऱ्याचाहि इतिहास आहे. १९९१ सालीं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ सालीं त्याच्या रक्षणासाठीं प्राधिकरण नेमलें गेलें व न्यायमूर्ति चंद्रशेखर धर्माधिकारी हे दीर्घकाळ त्याचे प्रमुख होते. त्या प्राधिकरणानें १९९८ सालीं वाढवणच्या पहिल्या बंदर-योजनेस नकार दिला. २०२३ सालीं नव्या योजनेस अटींसह संमति दिली. तेथील कोळी, मांगेला व इतर मच्छिमार, तसेच बागायतदार, यांनीं वर्षानुवर्षें विरोध केला आहे. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, तो समुद्र म्हणजे आमचें शेत आहे. त्याच्या पाण्यांत मासे वाढतात. आणि समुद्राचा सात-बारा आमच्या नांवें नसल्यामुळें भराव पडल्यावर आमचा मोबदला कोणत्या कागदावरून मोजणार?

या प्रश्नास सहज उत्तर नाहीं. उरणच्या शेतकऱ्याच्या हातीं निदान जमिनीचा कागद होता. मच्छिमाराच्या हातीं जाळें आहे. वाढवणचें बंदर झालें तर घाटावरच्या कारखान्यांस आणखी एक दार मिळेल व आपल्या मुलांच्या पदरीं कांहीं पडेल, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण म्हणूनच आपण गप्प बसूं नये. ज्यास लाभ होणार त्यानेंच नुकसान होणाऱ्याचें म्हणणें प्रथम ऐकावें, हा न्याय आहे. वसईंत १९८० च्या दशकाच्या अखेरीस शहराच्या अनिर्बंध वाढीविरुद्ध आणि विहिरींच्या पाण्याच्या उपशाविरुद्ध जी हरित वसईची चळवळ झाली, तिच्या अग्रभागीं फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. पुढें २०२० सालीं उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणारे हे धर्मगुरू २०२४ सालीं निवर्तले. शहर वाढूं नये असा त्यांचा हट्ट नव्हता. वाढीचा हिशेब गांवकऱ्यांच्या समोर मांडला जावा, एवढा आग्रह होता.

तेव्हां या धर्मग्रामानें काय करावें? आमच्या मतें तीन गोष्टी त्याच्या हातच्या आहेत. पहिली, आपल्या मुलांस केवळ यंत्र चालविण्याचें नव्हे, तर मालाची ने-आण, जकात, हिशेब व जहाजाचा व्यवहार यांचेंहि शिक्षण द्यावें. कारण यंत्र बदलतें तेव्हां जो एकच काम जाणतो तो प्रथम बाहेर पडतो, हें मुंबईच्या गोदीकामगारानें व गिरणीकामगारानें अनुभविलें आहे. दुसरी, आपल्या शेजारच्या कंत्राटी कामगाराची विचारपूस करावी. गोव्याच्या कूडींनीं आपल्या खलाशांसाठीं जें केलें तें, बिहार-ओरिसाहून वा मराठवाड्याहून आलेल्या आणि एका खोलींत दाटीनें राहणाऱ्या तरुणासाठीं, मग तो कोणत्याहि धर्माचा असो, आपल्या मंडळांस करतां येण्यासारखें आहे. आजारपणांत एक ओळखीचें दार असावें, एवढीहि मदत परगांवीं मोठी असते. आणि तिसरी, वाढवणच्या बाबतींत वर्तमानपत्रांतील मथळ्यांवर विसंबून न राहतां तेथील मच्छिमारांस येथें बोलवावें, त्यांचें म्हणणें या सभागृहांत ऐकावें, आणि समुद्रावर जगणाऱ्याचा हक्क कागदावर कसा आणतां येईल याविषयीं आपल्यांतील कायद्याच्या जाणकारांनीं त्यांस साहाय्य करावें.

आपण सर्व बाहेरून येथें आलों आणि या नगरानें आपणांस जागा दिली. ती जागा देण्यासाठीं कोणाचें तरी शेत, कोणाची तरी खाडी खर्चीं पडली. हें ऋण पैशानें फिटणारें नाहीं. पण पुढें ज्यांच्यावर तीच वेळ येत आहे त्यांच्या पाठीशीं उभें राहून तें थोडें तरी फेडतां येईल. ज्युबिलीच्या वर्षीं ज्याचें गेलें त्यास परत द्यावें, ही ज्युबिलीची फार जुनी रीत आहे. ती आपण पाळूं या.